साक्ष, दैन्य आणि विनोद : मराठी ख्रिस्ती आत्मकथनातील नम्रतेचा प्रश्न

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती लेखन दोन वेगवेगळ्या प्रकरणांत भेटते. पहिल्या प्रकरणाचे नाव बहुधा मिशनरी गद्य असे असते. त्यात कोश, व्याकरणे, शाळाखात्याची पुस्तके, ‘ज्ञानोदय’ आणि बाबा पदमनजी येतात. दुसरे प्रकरण आत्मचरित्राचे असते आणि तेथे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला मानाचे पान मिळते. ह्या दोन प्रकरणांमध्ये पाऊणशे वर्षांचे अंतर आहे. त्यांना जोडणारा धागा मात्र इतिहासकारांनी क्वचितच शोधला आहे. परिणाम असा झाला, की पदमनजींच्या पुस्तकांतील धर्मविचार हा त्यांचा वाङ्मयीन दोष ठरला आणि लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातील धर्मविचार हा केवळ त्यातील एक प्रसंग ठरला. तिच्या विनोदाचे श्रेय तिच्या स्वभावाला देण्यात आले, निर्मळपणाचे श्रेय तिच्या अल्पशिक्षणाला. जणू ते पुस्तक आपोआप घडले.

वस्तुतः ‘स्मृतिचित्रे’ ज्या अडचणीतून वाट काढते ती अडचण तिच्या आधीच्या दोन पिढ्यांची आहे. जे घर, जे लोक आणि जे दैवत सोडले, त्यांना कमी न लेखता आपल्या श्रद्धेविषयी कसे लिहावे, ही ती अडचण. नम्रता हा ख्रिस्ती धर्माने शिरोधार्य मानलेला गुण. परंतु धर्मांतराची कथा सांगणाऱ्याला, निदान वसाहतकालीन महाराष्ट्रात, नम्र राहणे फार कठीण होते. तो अंधारातून उजेडात आल्याचे सांगणार, म्हणजे मागे राहिलेल्यांना अंधारात बसवूनच सांगणार. शिवाय हे सांगताना राज्यकर्त्यांचा धर्म त्याच्या पाठीशी उभा असणार.

ह्या अडचणीचा काळ नीट ध्यानात घ्यायला हवा. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ह्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे गेलेला धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या हुकुमाने घरी परतला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही ह्यावरून सगळे शहर ढवळून निघाले. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी शुद्धीची बाजू घेतली आणि त्यासाठी त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून रानडे आणि लोकमान्य टिळक ह्यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. जेथे एक पेला इतका जड होता तेथे बाप्तिस्म्याच्या पाण्याचे वजन काय असेल, ह्याची कल्पना करता येते. बाटलेल्या मुलाच्या नावाने घरचे स्नान करून मोकळे होत. लेखनाला उपलब्ध असलेला घाटही ह्या वातावरणाला साजेसाच होता, साक्षीचा. साक्ष म्हणजे जबानी. आणि जबानी देणारा आपली बाजू खरी करूनच थांबतो.

बाबा पदमनजी ह्यांनी १८५४ मध्ये बेळगावी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तीनच वर्षांनी आलेले त्यांचे ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या दुःखाविषयी इतक्या कळवळ्याने बोलते, की त्यातला उपदेशाचा भाग बाजूला ठेवूनही ते वाचले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच त्याची रचना आहे. रात्र, झुंजूमुंजू, सूर्योदय ह्या क्रमाने निवेदनाचा सगळा ओघ बाप्तिस्म्याकडे वाहतो. पदमनजी प्रामाणिक निवेदक आहेत. बालपणीची व्रतवैकल्ये, कासार कुटुंबातील वळण, परमहंस सभेतील गुप्त बैठका हे सारे ते तपशिलाने सांगतात, आणि हे तपशील आज सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला अमोल वाटतात. मात्र प्रत्येक तपशिलावर पुढे काय घडणार आहे ह्याचा उजेड पडलेला असतो. लहानपणीचा भाविक मुलगा जे करतो ते चूक आहे हे निवेदकाला आधीच ठाऊक आहे आणि वाचकानेही ते विसरू नये अशी त्याची इच्छा आहे. स्वतःच्या पापांविषयी पदमनजी कठोर आहेत. तरीही ह्या कठोरपणातून नम्रता सिद्ध होत नाही, कारण जुन्या स्वतःला दोषी ठरवताना जुने सोबतीही त्याच निकालात अडकतात. हा दोष व्यक्तीचा मानणे अन्यायाचे होईल. साक्षीच्या घाटातच तो भरलेला आहे.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या बाजूने उभा राहतो. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याकडे नम्रतेची मागणी होऊ लागली. तीही त्यांच्या नव्या धर्मबांधवांकडून. सिस्टर जेराल्डिन आणि अन्य मार्गदर्शक ह्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा ह्यांनी संपादित करून प्रसिद्ध केला. तो वाचताना जाणवते, की त्या मंडळींच्या शब्दकोशात नम्रता म्हणजे आज्ञाधारकपणा. रमाबाईंना हा अर्थ मान्य नव्हता. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायची नाही, हे त्यांनी स्पष्टपणे कळवले. त्यांना गर्विष्ठ ठरवण्यात आले. इकडे १८९३ मध्ये शारदासदनातील मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याच्या आरोपावरून सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि ‘केसरी’ने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. दोन्हीकडच्या पुरुषांना रमाबाईंचा ताठ कणा खुपत होता, ही ह्या प्रकरणातली खरी समान गोष्ट.

रमाबाईंची नम्रता शोधायची तर त्यांच्या कामात शोधावी लागते. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया केडगावी आणल्या. मुक्तिसदनाचा विस्तार त्यातून झाला. १९०७ मधील त्यांचे प्रसिद्ध आत्मनिवेदन इंग्रजीत आहे आणि ते मुख्यतः परदेशी सहानुभूतीदारांना उद्देशून आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला खऱ्या अर्थाने ख्रिस्त भेटला, असे त्यांनी त्यात सांगितले आहे. म्हणजे स्वतःच्या धर्मांतराचीच त्यांनी दुरुस्ती केली. पदमनजींच्या अरुणोदयानंतर दुसरा अरुणोदय संभवत नाही. रमाबाईंच्या कथनात तो संभवतो. परंतु त्यांचे ह्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम मराठीतच झाले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते मुक्तिसदनात तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले आणि रमाबाईंच्या १९२२ मधील मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात बाहेर आले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द वेदान्ताचे अर्थ बरोबर घेऊन येतात, आणि अर्धशिक्षित बाईला ते कळतही नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेल्या, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळवलेल्या विदुषीने आपली सर्वांत मोठी संपत्ती, म्हणजे संस्कृत, दाराबाहेर ठेवून दुष्काळातून आलेल्या बाईच्या भाषेत जावे, हा भाषिक त्याग मराठी समीक्षेने अद्याप पुरेसा विचारात घेतलेला नाही. त्या भाषांतराची मराठी अनेक ठिकाणी खडबडीत वाटते हेही खरे.

ह्याच्या अगदी उलट दिशेने नारायण वामन टिळक गेले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी पत्नीला न कळवता त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. ही केवळ चमत्कृती नव्हती. मराठी चर्चमध्ये तोवर गायिली जाणारी बरीच गीते इंग्रजी चालींवर बेतलेली असत. कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनी कीर्तनाची वाट आधीच चोखाळली होती. टिळकांनी अभंगाला उपासनेत हक्काची जागा मिळवून दिली. त्यांचा ख्रिस्त गुरुमाउली आहे. रमाबाईंना जे शब्द जुन्या अर्थांमुळे धोक्याचे वाटले तेच टिळकांना जुन्या अर्थांमुळे हवे होते.

अभंगाबरोबर दैन्यही आले. संतांच्या वाणीत ‘मी पतित, मी हीन’ हा सूर भक्ताची प्रतिष्ठा असतो. साक्षीच्या घाटात जे जमत नव्हते ते येथे सहज जमते, कारण दैन्याला कोणाचा पराभव करायचा नसतो. तरीही टिळकांच्या दैन्यासंबंधी एक प्रश्न विचारणे भाग आहे. अहमदनगर जिल्ह्यातील ज्या ख्रिस्ती मंडळ्यांत ते वावरले त्यांतील बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. त्यांच्यात मिसळणारा, व्युत्पन्न, चित्पावन कवी स्वतःला हीन म्हणवतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ चोखामेळ्याच्या शब्दासारखा राहत नाही. चोखोबांना हीनत्व जन्माने चिकटवले होते, टिळक ते वाणीने स्वीकारत होते. अशा स्वीकारात औदार्य असते, पण औदार्याचे पालकत्वात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. टिळकांना ह्याची जाण असावी असे त्यांच्या अखेरच्या वर्षांकडे पाहून वाटते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडून त्यांनी संन्यास घेतला. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य असावेत, गोऱ्या मिशनऱ्याने यावे तर धनी म्हणून येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. हे करताना त्यांनी मिशनशी वैर धरले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तोपर्यंत १९१२ पासून हाती असलेला ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग ते सांभाळत होते. दरबार त्यांच्याबरोबरच संपल्यासारखा झाला.

ह्या पार्श्वभूमीवर १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागलेले ‘स्मृतिचित्रे’ वाचले म्हणजे त्याच्या सुरुवातीचा अर्थ लागतो. ख्रिस्ती स्त्रीचे हे आत्मचरित्र ख्रिस्तापासून सुरू होत नाही. ते सुरू होते वडिलांच्या सोवळ्यापासून. १८५७ च्या धामधुमीत नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून नानांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. घरातल्या बायकामुलांचे त्यापायी झालेले हाल लक्ष्मीबाई तपशिलाने सांगतात, आणि वाचक हसतो. पदमनजींच्या हातात हाच प्रसंग हिंदू आचारधर्माच्या व्यर्थतेचा पुरावा झाला असता. येथे तो एका घाबरलेल्या माणसाचा वेडेपणा आहे. नाना क्रूर वाटतात, हास्यास्पद वाटतात, पण निवेदिका त्यांना खटल्यात उभे करत नाही. फाशीचा उल्लेख आधी आणि सोवळे नंतर, हा क्रमच नानांच्या बाजूने बोलतो.

नंतर निवेदिका स्वतःच त्या सोवळ्याची वारस होते. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरचा आकांत, नातलगांच्या आधाराने पंढरपुरासारख्या ठिकाणी काढलेले दिवस, लहान दत्तूवर कोणाचा हक्क ही धास्ती, आणि पुढे नवऱ्याबरोबर राहायला आल्यावरही वेगळी चूल, वेगळे पाणी. धर्मांतरित कुटुंबाच्या इतिहासात हा कालखंड सर्वाधिक जखमी. लक्ष्मीबाई तो लिहिताना आपल्या दुःखाला उणे करत नाहीत, परंतु आपल्या हट्टाला मात्र हसतात. विनोदाचे लक्ष्य बहुतेक वेळा त्या स्वतः असतात, आणि त्यानंतर टिळक : घरातले पैसे आणि सामान येईल त्याला देऊन टाकणारा, रागात घर सोडून जाणारा, पुन्हा परतणारा कवी. येथे रमाबाई रानडे ह्यांच्या १९१० मधील ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ची तुलना उपयुक्त ठरते. त्या पुस्तकात पती गुरुस्थानी आहे आणि नम्रता ही पत्नीची शिष्यवृत्ती आहे. ‘स्मृतिचित्रे’त निवेदिका नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हणते, त्याच्यावर रागावते, त्याची फजिती सांगते. तरी पुस्तक मिटताना त्या माणसाविषयी आदरच उरतो. त्याला साधू ठरवण्याचा प्रयत्न कोठेही न करता हा आदर निर्माण झालेला आहे.

जातीसंबंधीचा प्रसंग ह्या संदर्भात कळीचा आहे. माणसे देवाने निर्माण केली, मग जातीही त्यानेच केल्या काय, असा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात एके दिवशी सुरू होतो. देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा काही भेद माणसांच्या देहावर दिसला असता. तो दिसत नाही. मग जाती माणसाच्याच. विचार संपतो आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय होतो. हे घडते बाप्तिस्म्याच्या आधी. कोणी पाद्री समोर नाही, वादविवाद नाही, ग्रंथाचा हवाला नाही. नवऱ्याने पाच वर्षे समजावून जे झाले नाही ते बाईने स्वयंपाकघरातल्या तर्काने केले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण पुस्तकाचा कळस तेथे बांधलेला नाही. तो प्रसंग ओलांडून निवेदन पुढच्या संसाराकडे वळते : प्लेगच्या दिवसांतील आजारी मुलींची शुश्रूषा, पोरकी मुले, पाहुणे, पैशांची ओढाताण. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ठरलेला त्र्यंबक ठोमरे पुढे नगरला ह्याच घरात येऊन राहिला, तोही ह्याच गर्दीतला एक. ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेले दान. लक्ष्मीबाईंनी हा सिद्धान्त कोठे मांडलेला नाही. पण त्यांच्या घरात लायकी विचारून कोणाला ताट वाढले जात नव्हते, एवढे पुस्तकावरून नक्की दिसते.

विनोद हे येथे शैलीचे अलंकरण नाही. साक्षीला जे साधले नाही आणि दैन्याला जे अर्धेच साधले, ते विनोदाने साधले आहे. स्वतःला हसणारा निवेदक स्वतःला दोषीही ठरवत नाही आणि निर्दोषही ठरवत नाही. त्याच्या हसण्यात जुने घर आणि नवे घर एकाच ओळीत बसते. म्हणूनच ह्या पुस्तकात हिंदू नातलग जेवढे प्रेमळ आणि विक्षिप्त आहेत तेवढीच ख्रिस्ती मंडळीही आहेत. मिशनमधील मानापमान, गोऱ्यांची अडाणी सद्भावना, देशी ख्रिस्त्यांतील उच्चनीचता ह्यांवर लक्ष्मीबाईंची नजर तितक्याच मिस्कीलपणे फिरते. अंधार एका बाजूला आणि उजेड दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी त्यांच्या अनुभवाला मान्यच नव्हती.

तरी ह्या नम्रतेलाही सीमा आहे आणि ती दडवण्यात अर्थ नाही. ज्या महार-मांग ख्रिस्त्यांमुळे नगरची मंडळी अस्तित्वात होती ते ‘स्मृतिचित्रे’त वावरतात, पण बोलतात थोडे. ‘नकुशी’सारखी मुलगी घरात येते, तिच्यावर माया केली जाते, निवेदिकेचा जुना सोवळेपणा तिच्यामुळे कसाला लागतो. ह्या कसोटीत निवेदिकेचे काय झाले ते कळते, नकुशीचे काय झाले ते फारसे कळत नाही. स्वतःला हसण्यासाठी स्वतःजवळ काहीतरी शिल्लक असावे लागते, जात सोडण्यासाठी ती आधी मानाची असावी लागते. ज्यांच्याजवळ सोडण्याजोगे सोवळे नव्हते त्यांच्या श्रद्धेची मराठी कथा ह्या घाटात लिहिली जाण्याजोगी नव्हती. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ‘ज्ञानोदय’च्या जुन्या अंकांकडे, मंडळ्यांच्या दप्तरांकडे आणि खेड्यापाड्यांतल्या भजनांच्या वह्यांकडे वळायला हवे ते ह्यासाठी.

‘स्मृतिचित्रे’च्या लोकप्रियतेने लक्ष्मीबाईंचे दुसरे काम झाकोळले गेले. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले होते. मृत्यूपूर्वी त्यांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर ओवीत ख्रिस्तचरित्र रचण्याचा हा मोठा प्रयत्न. काव्य म्हणून तो सर्वत्र सारखा नाही. परंतु जी स्त्री आयुष्यभर शुद्धलेखनाला भीत राहिली तिने नवऱ्याच्या विद्वत्तेने सुरू झालेला ग्रंथ त्याच्या कित्येक पटींनी लिहावा आणि वर नाव मात्र दोघांचे असावे, ह्याची नोंद वाङ्मयेतिहासात ओळीदोन ओळींपलीकडे गेलेली नाही. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाहायला लक्ष्मीबाई नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अपुराच होता, आणि तो पुरा करण्याचे काम देवदत्त नारायण टिळकांकडे, म्हणजे ज्याच्या ताब्यावरून एके काळी दोन घरांचा जीव टांगणीला लागला होता त्या दत्तूकडे, आले.